पनामा कालव्यातून क्रूझ: तिकीट काढण्यापासून शेवटचा दरवाजा उघडेपर्यंत

दोन आठवड्यांच्या सफरीत प्रत्यक्ष कालवा वाट्याला येतो तो एकच दिवस, आणि त्यातलेही आठ ते दहा तास. लोक केबिन, जेवणाचं पॅकेज आणि सवलतींवर महिनाभर खल करतात. मग ज्या दिवसासाठी एवढे पैसे मोजले, त्या दिवशी सकाळी साडेआठला उठून नाश्त्याच्या रांगेत उभे राहतात. तोवर जहाज पहिल्या तीन पायऱ्या चढून तलावाच्या वाटेला लागलेलं असतं. म्हणून इथे सगळी आखणी त्या एका दिवसाभोवती केली आहे.

आधी कालवा कसा चालतो ते

पनामा कालवा म्हणजे दोन महासागरांमध्ये खणलेला सरळ चर नव्हे. फर्डिनांड द लेसेप्स यांच्या फ्रेंच कंपनीने 1881 साली तसाच समुद्रसपाटीचा कालवा खणायला घेतला होता. सुएझला जमलं ते इथेही जमेल, असा हिशेब होता. पण सुएझला वाळवंट होतं आणि इथे डोंगर, मुसळधार पाऊस, पीतज्वर आणि मलेरिया. हजारो माणसं मेली आणि 1889 मध्ये कंपनी बुडाली. अमेरिकेने 1904 मध्ये काम हाती घेतलं आणि वेगळा मार्ग पत्करला: चाग्रेस नदीवर धरण बांधून समुद्रसपाटीपासून 26 मीटर उंचीवर गातून तलाव तयार करायचा, जहाजं पायऱ्यापायऱ्यांनी त्यात चढवायची आणि पलीकडे तशीच उतरवायची. 15 ऑगस्ट 1914 रोजी ‘अँकॉन’ हे जहाज अधिकृतपणे पार झालं.

या पायऱ्या म्हणजे लॉक, मराठीत जलपाश. जहाज हौदात शिरतं, मागचा दरवाजा बंद होतो, वरच्या हौदातलं पाणी तळाच्या भोकांमधून आत येतं आणि जहाज वर उचललं जातं. पाणी चढवायला पंप नाही. तलाव उंचावर आहे, एवढंच भांडवल. जुन्या लॉकचा एक हौद भरायला साधारण आठ-दहा मिनिटं लागतात आणि त्यात सुमारे 10 कोटी लिटर गोडं पाणी येतं. हे पाणी शेवटी समुद्रात जातं. त्यामुळे पाऊस कमी झाला की कालव्याची वाहतूकच आखडते. 2023 च्या अवर्षणात रोजच्या 36 च्या आसपास असलेल्या जहाजांची संख्या दोन डझनांच्या घरात आणावी लागली होती.

सफर कोणती निवडायची

पूर्ण पारगमन म्हणजे एका महासागरातून शिरून दुसऱ्यात बाहेर पडणं. ही सफर बहुधा 14 ते 17 दिवसांची असते, फ्लोरिडातल्या मायामी किंवा फोर्ट लॉडरडेलपासून लॉस एंजेलिस, सान डिएगो किंवा सान फ्रान्सिस्कोपर्यंत, नाहीतर उलट. अलास्कात उन्हाळा काढणारी जहाजं हिवाळ्यात कॅरिबियनला येतात. त्यामुळे एप्रिल-मे आणि सप्टेंबर-ऑक्टोबर या काळात जहाजं जागा बदलण्यासाठीच कालव्यातून जातात आणि त्या फेऱ्या दिवसाच्या हिशेबाने अनेकदा स्वस्त पडतात. मात्र विमानाचं तिकीट एका किनाऱ्याला जाण्याचं आणि दुसऱ्या किनाऱ्यावरून परतण्याचं, हे त्या हिशेबात धरा.

अर्ध्या पारगमनात जहाज अटलांटिक बाजूने चढून गातून तलावात येतं, काही तास थांबतं आणि त्याच वाटेने उतरून परत जातं. फ्लोरिडाहून निघून फ्लोरिडालाच येणारी 10-11 दिवसांची सफर. वेळ कमी असेल तर ठीक, पण डोंगर कापून काढलेली कुलेब्राची खिंड आणि पॅसिफिक बाजूचे लॉक यात दिसत नाहीत. आणखी एक अडचण अशी, की तलावात जहाजावरून उतरण्याची मुभा सहसा फक्त सहल आरक्षित केलेल्यांनाच असते. ते लहान बोटीने किनाऱ्याला जातात आणि संध्याकाळी कोलोन बंदरात जहाजावर परततात. हे न वाचता तिकीट काढलेले लोक दिवसभर डेकवर बसून चिडचिड करतात.

तिसरा मार्ग क्रूझचा नाहीच. पनामा सिटीत राहून लहान प्रवासी बोटीने एक दिवसाची कालवा-फेरी करता येते. बोट पाण्यालगत असल्यामुळे लॉकच्या भिंती खरोखर अंगावर येतात. फक्त कालवाच पाहायचा असेल, समुद्रावर पंधरा दिवस काढायचे नसतील, तर हाच पर्याय सरस.

जुने लॉक की नवे: सगळ्यात महत्त्वाचा प्रश्न

ट्रॅव्हल एजंट हे आपणहून क्वचित सांगतो. कालव्यात आता दोन वाटा आहेत. 1914 चे जुने लॉक म्हणजे अटलांटिककडे गातून, पॅसिफिककडे पेद्रो मिगेल आणि मिराफ्लोरेस. 26 जून 2016 रोजी सुरू झालेले नवे लॉक म्हणजे अटलांटिककडे आग्वा क्लारा आणि पॅसिफिककडे कोकोली. जुना हौद 33.53 मीटर रुंद आणि सुमारे 305 मीटर लांब. त्यात 32.31 मीटर रुंदीपर्यंतचं जहाज बसतं, म्हणजे दोन्ही बाजूंना दोन-दोन फूट जागा उरते. नवा हौद 55 मीटर रुंद आणि 427 मीटर लांब.

आपलं जहाज कुठून जाणार हे ठरवायची सोपी रीत: कंपनीच्या माहितीपत्रकात जहाजाची रुंदी पाहा. 32.3 मीटरपेक्षा जास्त असेल तर ते नव्या लॉकमधूनच जाणार. 2018 साली अलास्काकडे निघालेलं ‘नॉर्वेजियन ब्लिस’ सुमारे 41 मीटर रुंदीचं, म्हणजे जुन्या हौदात ते शिरूच शकत नाही. रुंदी त्याहून कमी असेल तर बहुतेक वेळा जुन्या लॉकमधून नेतात. तरी आरक्षणाआधी कंपनीला विचारा आणि उत्तर ईमेलवर घ्या. फोनवरच्या ‘हो सर’ला नंतर आधार नसतो.

आमचं मत स्पष्ट आहे: पहिल्यांदाच जात असाल तर जुने लॉक. तिथे जहाजाच्या दोन्ही बाजूंना रुळांवरून विजेची इंजिनं चालतात. त्यांना ‘म्यूल’ म्हणजे खेचरं म्हणतात. प्रत्येकाच्या दोन पोलादी दोरांनी जहाज बांधलेलं असतं. ही खेचरं जहाज ओढतात असा सार्वत्रिक समज आहे. प्रत्यक्षात जहाज मुख्यतः स्वतःच्या इंजिनावरच पुढे सरकतं. खेचरांचं काम ते हौदाच्या मधोमध धरून ठेवण्याचं आणि वेळेवर थोपवण्याचं. एक दोर ढिला, दुसरा ताठ, असं सतत चालू. वरच्या हौदाकडे जाताना ही अवजड इंजिनं दातेरी रुळावरून अक्षरशः जिना चढल्यासारखी चढतात. पायलटचा, म्हणजे कालव्यातून जहाज नेणाऱ्या वाटाड्याचा, हुकूम मिळाल्याची पोच ती घंटा वाजवून देतात. खालच्या डेकवर उभं राहिलं तर ही ठणठण अगदी कानाशी येते.

नव्या लॉकमध्ये खेचरं नाहीत, पुढेमागे टगबोटी, म्हणजे जहाज ओढणाऱ्या-ढकलणाऱ्या लहान बोटी असतात. दरवाजे कवाडासारखे उघडत नाहीत, बाजूच्या भिंतीत सरकत जातात. शेजारच्या वेगळ्या साठवण-हौदांमध्ये पाणी साठवून सुमारे 60 टक्के पाणी पुन्हा वापरलं जातं. अभियंत्यांना हे जास्त आवडेल. पण भिंत इतकी दूर असते, की अंगावर येणारी ती जवळीक राहत नाही.

दिशा, बाजू आणि केबिन

कालवा पूर्व-पश्चिम जातो असं सगळ्यांना वाटतं. नकाशा उघडून पाहा. अटलांटिककडून पॅसिफिककडे जाताना जहाज वायव्येकडून आग्नेयेकडे जातं, आणि पॅसिफिकचं तोंड अटलांटिकच्या तोंडापेक्षा पूर्वेला आहे! फोटो काढणाऱ्याला हे माहीत असायलाच हवं. अटलांटिककडून निघालात तर सकाळी ऊन डावीकडून येतं आणि दुपारनंतर उजवीकडून.

त्याच दिशेने जाताना डावीकडे दिसतात: आग्वा क्लाराचे नवे लॉक, गांबोआ गाव आणि चाग्रेस नदी कालव्याला मिळते ती जागा, खिंडीतली गोल्ड हिल, मिराफ्लोरेसची प्रेक्षक-गॅलरी, बाल्बोआ बंदर आणि शेवटी पनामा सिटीच्या उंच इमारती, त्याही दुपारच्या उन्हात उजळलेल्या. उजवीकडे गातून धरण, काँट्रॅक्टर्स हिल आणि कोकोलीचे लॉक. एकूण हिशेबात डावी बाजू जड. पॅसिफिककडून येत असाल तर हे सगळं उलट, म्हणजे उजवी बाजू घ्या.

बाल्कनीवर मात्र फार पैसे उधळू नका. जुन्या लॉकमध्ये खालच्या मजल्यांवरच्या बाल्कनीसमोर काही काळ ओली काँक्रीटची भिंत असते. ती पाहण्यातही मजा आहे, पण पहिली पंधरा मिनिटंच. शिवाय बाल्कनीतून एकच बाजू दिसते. त्यापेक्षा सर्वांसाठी खुल्या डेकवर तुम्हाला चारही बाजू मिळतात. आतली स्वस्त केबिन घेऊन कालव्याच्या दिवशी पूर्णवेळ डेकवर राहणारा माणूस, महागड्या बाल्कनीत बसून राहिलेल्यापेक्षा जास्त पाहतो.

ऋतूचं थोडक्यात: डिसेंबरच्या मध्यापासून एप्रिलपर्यंत कोरडे दिवस, मे ते नोव्हेंबर पाऊस. पावसाळ्यात दुपारी जोरदार सरी हमखास, पण डोंगर हिरवेगार आणि तलाव भरलेला. त्याच दिवसांत पहाटे खिंडीत धुकं उतरतं आणि वाहतूक खोळंबू शकते. तापमान बाराही महिने तिशीच्या आसपास, दमटपणा भरपूर.

कागदपत्रं: इथेच सफर मोडते

भारतीय पासपोर्टवर जाणाऱ्यांनी पहिली खात्री अमेरिकेच्या व्हिसाची करावी, आणि तो अनेक प्रवेशांचा हवा. विमानाने फ्लोरिडात उतरलात तो एक प्रवेश, जहाजाने परदेशी बंदरं करून कॅलिफोर्नियात आलात तो दुसरा. एकाच प्रवेशाचा व्हिसा असेल तर दुसऱ्या टोकाला अडकाल. वाटेतल्या प्रत्येक देशाची अट वेगळी असते. आपण बंदरात उतरणार नाही म्हणून व्हिसा लागत नाही, हा तर्क चालत नाही. कागद अपुरे असतील तर कंपनी जहाजावरच घेत नाही आणि पैसेही परत करत नाही.

दुसरी गोष्ट पीतज्वराची लस. पनामा आणि कोलंबिया हे दोन्ही देश भारत सरकारच्या पीतज्वर-धोक्याच्या यादीत आहेत. तिथून निघाल्यापासून सहा दिवसांच्या आत भारतात उतरणाऱ्याकडे लसीचं प्रमाणपत्र नसेल, तर त्याला सहा दिवसांपर्यंत विलगीकरणात ठेवता येतं. प्रमाणपत्र लस घेतल्यानंतर दहा दिवसांनी ग्राह्य धरलं जातं, म्हणून निघायच्या आदल्या आठवड्यात धावाधाव करून उपयोग नाही. लस सरकारमान्य केंद्रातच घ्यावी लागते. साठीच्या पुढच्यांनी आणि प्रतिकारशक्ती कमी असलेल्यांनी आधी डॉक्टरांना विचारावं, कारण ही जिवंत विषाणूची लस आहे.

तिसरा मुद्दा कमी लोकांना माहीत असतो. अमेरिकेच्या 1886 च्या प्रवासी जहाज कायद्यानुसार परदेशी झेंड्याचं जहाज अमेरिकेच्या एका बंदरातून चढवलेला प्रवासी अमेरिकेच्याच दुसऱ्या बंदरात उतरवू शकत नाही. मुख्य अपवाद असा, की वाटेत ‘दूरचं’ परदेशी बंदर घेतलं तर. दक्षिण अमेरिका, तसंच अरुबा, बोनेर आणि कुरासाव यांना दूरचं मानतात, खुद्द पनामाला नाही. म्हणूनच फ्लोरिडा ते कॅलिफोर्नियाच्या जवळपास प्रत्येक सफरीत कोलंबियातलं कार्ताहेना किंवा अरुबा असतं. याचा प्रवाशाला फटका असा बसतो, की विमान चुकलं आणि ‘पुढच्या बंदरात जहाज गाठू’ म्हटलं, तर कंपनी नकार देऊ शकते किंवा दंडाची रक्कम तुमच्या बिलात लावू शकते. जहाज सुटण्याच्या किमान एक दिवस आधी बंदराच्या शहरात पोचा.

पैशांचं फारसं अवघड नाही. पनामाच्या चलनाचं नाव बाल्बोआ, पण त्याची फक्त नाणी आहेत. नोटा अमेरिकन डॉलरच्याच चालतात. कालव्याचं शुल्क तिकिटातच धरलेलं असतं. मोठ्या प्रवासी जहाजांना ते बर्थच्या संख्येवर भरावं लागतं. (1928 मध्ये रिचर्ड हॅलिबर्टन कालवा पोहून पार झाला, तेव्हा त्याच्याकडून वजनाच्या हिशेबाने 36 सेंट घेतले होते.)

कालव्याचा दिवस

आदल्या संध्याकाळी जहाजाचं दैनंदिन पत्रक नीट वाचा. त्यात लॉकमध्ये शिरण्याची अंदाजे वेळ आणि कोणते डेक उघडणार ते असतं. पुढच्या टोकावरचा, एरवी बंद असलेला डेक या दिवशी बऱ्याच जहाजांवर खुला करतात. कॅमेरा रात्रभर वातानुकूलित केबिनमध्ये ठेवून सकाळी बाहेर काढलात, तर काचेवर वाफ धरते आणि पहिली वीस-पंचवीस मिनिटं सगळे फोटो धुरकट येतात. उठल्याउठल्या कॅमेरा बाल्कनीत किंवा डेकवर नेऊन ठेवा. पातळ सुती कपडे, दोरी असलेली टोपी, सनस्क्रीन, पाण्याची बाटली आणि घडीचा रेनकोट. छत्री नको, मागच्यांचे शिव्याशाप मिळतात.

अटलांटिककडून जुन्या लॉकच्या वाटेने निघालात असं धरू. पहाटे पाच-साडेपाचच्या सुमारास कालव्याचा पायलट चढतो. इतर बंदरांत पायलट सल्ला देतो आणि हुकूम कप्तानाचाच चालतो. पनामात जहाज चालवण्याचा ताबा पायलटकडे जातो. त्याच्याबरोबर दोर सांभाळणारे कामगार येतात, आणि बहुधा एक निवेदकही, जो दिवसभर ध्वनिक्षेपकावरून माहिती देतो. किनाऱ्यावरचा 2019 चा अटलांटिक पूल ओलांडला की गातून जवळ आलं.

लॉकच्या तोंडाशी नजर पाण्यावर ठेवा. एका साध्या वल्ह्यांच्या होडीतून दोन माणसं जहाजाकडे येतात, वरून सोडलेला पातळ दोर पकडतात आणि भिंतीकडे नेतात. त्या दोराच्या टोकाला खेचराचा पोलादी दोर बांधून वर ओढला जातो. शंभर वर्षांत सगळं बदललं, ही होडी टिकली.

गातूनला तीन हौद आहेत आणि एकूण दीड-दोन तास मिळतात. एका जागी खिळून राहू नका. पहिला हौद पुढच्या टोकावरून पाहा: दोन मीटरहून जाड दरवाजे मधोमध टोक काढून मिटलेले असतात, आणि ते टोक वरच्या पाण्याकडे असतं, म्हणजे पाण्याचा दाबच त्यांना घट्ट बसवतो. दरवाजे आतून पोकळ आहेत. ते पाण्यात जवळपास तरंगतात म्हणून इतके जड असूनही सहज फिरतात. दुसऱ्या हौदाला जिन्याने खाली या, चालण्याच्या खालच्या डेकवर. भिंत हाताच्या अंतरावर, शेवाळाचा वास, खेचराची घंटा, आणि हळूहळू भिंतीचा काठ डोळ्यांच्या पातळीला येऊन खाली जातो. आपण वर चाललो आहोत हे फक्त इथेच कळतं. वरच्या डेकवरून ते जाणवत नाही. तिसऱ्याला मागच्या टोकाला जा. मागून येणारं जहाज तुमच्यापेक्षा एक पायरी खाली दिसतं आणि त्याच्या मागे दूर अटलांटिक. लिफ्टच्या भरवशावर राहू नका, या दिवशी त्या तुंबतात.

तलावात दोन-तीन तास शांततेचे. पाण्यातून वर आलेली जुन्या झाडांची बुंधं आणि बेटं दिसतात. ही बेटं म्हणजे बुडालेल्या टेकड्यांचे माथे. त्यातल्या बारो कोलोरादोवर स्मिथसोनियन संस्थेचं संशोधन केंद्र आहे. जेवण आणि विश्रांती इथेच उरका. साडेबाराला जेवायला गेलात तर नेमकी खिंड हुकते. अकरालाच जेवा.

गांबोआनंतर कुलेब्राची खिंड सुरू होते. सुमारे 13 किलोमीटर लांब, अमेरिका खंडाचा कणा कापून काढलेली. कालव्याची खरी लढाई इथे झाली. जेवढं खणावं तेवढा डोंगर घसरून पुन्हा चरात येई. कालवा उघडल्यानंतरही दरडींनी तो बंद पाडला होता. बार्बाडोस आणि इतर कॅरिबियन बेटांवरून आलेल्या कृष्णवर्णीय मजुरांनी हे काम ओढलं. त्यांची नावं ‘सिल्व्हर रोल’वर, म्हणजे चांदीच्या नाण्यांत पगार घेणाऱ्यांच्या यादीत होती. गोऱ्या अमेरिकनांना सोन्यात पगार आणि वेगळी घरं. अमेरिकन काळातच 5,609 मृत्यूंची नोंद आहे. गोल्ड हिलच्या कापलेल्या पायऱ्या आणि समोरची काँट्रॅक्टर्स हिल यांच्या मधून जाताना निवेदकाला थोडा वेळ विसरून नुसतं पाहा. पुढे 2004 चा सेंटेनियल पूल येतो.

पेद्रो मिगेल ही एकच पायरी, सुमारे साडेनऊ मीटर उतार. मग छोटा मिराफ्लोरेस तलाव आणि मिराफ्लोरेसच्या दोन पायऱ्या. नव्या लॉकच्या जहाजांना हे मिळत नाही. ती पेद्रो मिगेल बाजूला ठेवून वेगळ्या चरातून कोकोलीला जातात आणि तिथे सलग तीन पायऱ्या उतरतात. दुपारच्या उन्हाने अर्धं डेक रिकामं झालेलं असतं, त्यामुळे सकाळी न मिळालेली पुढची जागा आता आरामात मिळते. मिराफ्लोरेसच्या गॅलरीतून लोक हात हलवतात. कालवा प्राधिकरणाचे थेट कॅमेरेही लावलेले आहेत, तेव्हा घरच्यांना आधी कळवून ठेवा. पनामातले दुपारचे दोन म्हणजे भारतातले रात्रीचे साडेबारा, म्हणून त्यांच्यासाठी सकाळचं गातूनच सोयीचं.

मिराफ्लोरेसचे शेवटचे दरवाजे कालव्यात सगळ्यात उंच आहेत. अटलांटिकच्या, म्हणजे कॅरिबियन बाजूला भरती-ओहोटीचा फरक एक मीटरसुद्धा नसतो, तर पॅसिफिकला तो पाच-सहा मीटरपर्यंत जातो. त्यामुळे शेवटची पायरी कधी बुटकी, कधी खोल, हे त्या तासाच्या समुद्रावर ठरतं. दरवाजे भिंतीत मिटतात, खेचरांचे दोर सुटून पाण्यात आपटतात, आणि जहाज पुन्हा खाऱ्या पाण्यात येतं. 1962 चा ब्रिज ऑफ द अमेरिकाज पुढेच आहे. त्याच्याखालून जाताना वरच्या डेकवरच राहा: धुराडं पुलाला लागणार असं वाटतं, लागत नाही. पूल मागे पडला की लगेच डावीकडे वळा, शहर दिसायला तेव्हा जेमतेम अर्धा तास असतो.